चौदा एप्रिल सोडून कोणताही दिवस

कोल्हापूरला निघाले तेव्हा नागपुरातल्या आमच्या गल्लीत झाडून सगळ्यांनी मला चपला आणायला सांगितल्या. पायांची मापं कागदावर काढून दिली. मी एकही जोड आणला नाही, त्यामुळे सध्या गल्लीत माझ्याशी कुणी धड बोलत नाही. वेळ मोकळा आहे, म्हणून हे लिहून काढते.

मी गेले होते दोन बायकांसाठी. एक सुजाता. पेठ वडगावची, वय बावीस-तेवीस, कोल्हापुरातल्या एका केबल चॅनेलवर रोज संध्याकाळच्या बातम्या वाचते. तिचा आवाज सगळं शहर ओळखतं, तोंड कुणीच ओळखत नाही. का, ते पुढे येईल. दुसरी नोम्सा. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनची, तिथल्या रेडिओवर काम करते. मुंबईत बायकांचा मोठा मेळावा झाला होता, तिथे आम्ही तिघी एकाच सतरंजीवर झोपलो होतो आणि एकमेकींच्या घोरण्यावरून ओळख वाढली होती.

नोम्साला तिच्या रेडिओसाठी एक कार्यक्रम करायचा होता. छोट्या गावांतून बातम्या देणाऱ्या काळ्या बायका, त्यांचं म्हणणं काय, त्यांना पुढे काय व्हायचंय. 'काळ्या'मध्ये तिने आम्हा दोघींनाही धरलं. सुजाताने जरा नाक मुरडलं, कारण आपल्याकडे काळी म्हटलं की ठरलेलं लग्न मोडतं. मी मात्र लगेच हात वर केला. मोर्चाला मला न बोलावताही मी जाते, इथे तर चक्क आमंत्रण होतं.

दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली. माझं इंग्रजी सगळं पत्रकं लिहून आलेलं. 'जाहीर निषेध' आणि 'बेमुदत उपोषण' मी इंग्रजीत झोपेतसुद्धा म्हणू शकते, 'भाजीत मीठ जास्त झालंय' म्हणायला अडते. साल दोन हजार एक, महिना फेब्रुवारी. नागपूर ते कोल्हापूर रेल्वेबद्दल मी काही सांगणार नाही. ज्यांनी तो प्रवास केलाय त्यांना आठवण नको, ज्यांनी केला नाही त्यांनी सुखात राहावं.

कोल्हापूर, शनिवार

नोम्सा त्याच सकाळी मुंबईच्या बसने उतरली होती. सुजाता आम्हाला स्टँडजवळ घ्यायला आली. ओढणी खांद्यावर गाठ मारून बांधलेली, हातात सायकल.

"मी येतो म्हणून सांगितलं हुतं का न्हाय?" ती म्हणाली. "आलो बघा."

इथे एक खुलासा. कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो, मी जेवलो' असंच बोलतात. आमच्याकडे एखादी असं बोलली तर तिला भूत लागलं म्हणून कुठेतरी नेतील. इथे शाळकरी पोरगी, भाजीवाली, मास्तरीण सगळ्याच 'मी करतो' म्हणतात आणि पृथ्वी जागेवर राहते. इतकी वर्षं मी बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटली, त्यात ही मागणी कधी सुचली नव्हती.

सुजाताने आम्हाला मिसळ खायला नेलं. गल्ल्यावरच्या काकांनी नोम्साकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा नोम्साकडे.

"पावणं वेस्ट इंडीजचं का?"

"आफ्रिकेच्या," मी म्हटलं.

"तेच की. बसा बसा. ए, पावण्यास्नी जरा जादा कट आण!"

कट म्हणजे मिसळीवरचा तांबडा जाळ. आम्ही नागपूरवाले स्वतःला तिखटाचे बादशहा समजतो, तर्रीशिवाय पोहे गिळत नाही. मी ताठ मानेने दोन वाट्या कट ओतून घेतला. पुढची दहा मिनिटं माझ्या डोळ्यांना कोल्हापूर दिसलं नाही. नोम्साने निवांत तिसरी वाटी मागितली. डर्बनला म्हणे आपल्याकडच्या लोकांची फार वस्ती आहे, तिचं बालपण मिरचीतच गेलेलं.

मागच्या टेबलावरचा एक गडी शेजाऱ्याला म्हणाला, "लई काळी हाय की रं." हळू नाही. तिला कळणार नाही या भरवशावर अगदी मोकळ्या गळ्याने.

"काय म्हणाला तो?" नोम्साने विचारलं.

"म्हणतो, तुम्ही फार लांबून आलात."

नोम्साने पाव मोडला. "आमच्या देशात अकरा भाषा आहेत. आणि हे वाक्य बोलताना माणूस अकराही भाषांत अस्संच तोंड करतो."

त्यानंतर मी पाणी घालून भाषांतर करणं सोडून दिलं.

चॅनेल एका सायकल दुकानाच्या माडीवर होतं. दोन खोल्या. मोठीत निळा पडदा, टेबल आणि एक खुर्ची. छोटीत भिंतींवर वाकळा, म्हणजे जुन्या गोधड्या, टांगलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. त्या वाकळांच्या खोलीत सुजाता. दिवसभर सायकलवर हिंडून बातम्या गोळा करायच्या, लिहायच्या, आणि संध्याकाळी वाकळांकडे तोंड करून वाचायच्या. मोठ्या खोलीतल्या खुर्चीवर अमृता. गोरी, टपोऱ्या डोळ्यांची. ती म्हणणार, "नमस्कार, आजच्या ठळक बातम्या." मग पडद्यावर गावातली चित्रं सुरू होणार, मागे सुजाताचा आवाज. शेवटी पुन्हा अमृता: "नमस्कार." बघणाऱ्याला वाटतं सगळं अमृताच बोलली.

संध्याकाळी हे शहरात दिसतं. मग कॅसेट एसटीच्या कंडक्टरबरोबर वडगावला जाते आणि तिथल्या केबलवर दुसऱ्या दिवशी सकाळी लागते. वडगावकर रोज कालचं कोल्हापूर बघतात. त्यांची काही तक्रार नाही.

चॅनेलचे धनी पूर्वी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत. सगळे त्यांना मालक म्हणतात, मीही तेच म्हणते. भरघोस मिशा, मनगटावर जाड कडं, स्वभाव दिलदार. दिलदार माणसाशी भांडणं फार अवघड असतं. आधी चहा पाजतो, भजी मागवतो, आणि तोंड भरलेलं असताना निषेध नोंदवता येत नाही.

तरी मी चहा गिळून विचारलंच. सुजाता खुर्चीवर का नाही?

"बसवली हुती की," मालक म्हणाले. "दोन वर्सामागं. पावडर लावली, लाईट मारला. चेहरा कसा आला ठावं हाय? चुलीतल्या राखंत लोळल्यागत. आता मी काय करू? आमचं काय न्हाय ओ. कॅमेऱ्याला ती चालत न्हाय."

"कॅमेरा कुठल्या जातीचा आहे?"

"जपानी," मालक म्हणाले.

मी उभी राहिले. हे माझं नेहमीचं, आधी उभी राहते, मग शब्द शोधते. वर्णवर्चस्व, प्रसारमाध्यमांतली मक्तेदारी, असं सगळं घशाशी आलं होतं. तेवढ्यात सुजाताने माझा दंड धरून मला वाकळांच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं.

"प्रज्ञाताई, तुमी चार दिसांनी जाणार. मी हितंच ऱ्हाणार. कवा वरडायचं ते मी ठरवतो."

"तुला ती खुर्ची पाहिजे की नको?"

"पायजे. झोपंत बी तीच दिसतीया." तिने वाकळीची सुटलेली गाठ पुन्हा खिळ्याला बांधली. "बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून शाळेत धडा वाचायचो तवापासनं मला वाचायचं हाय. पण लोकांकडं बघून. भिंतीकडं बघून न्हाय."

कोल्हापूर, रविवार

कोल्हापुरात पाहुणा आला की त्याचा सत्कार होतो. तुम्ही कोण, कशाला आलात, हे नंतर विचारतात. फेटा बांधून घेतल्याशिवाय तुम्हाला गाव सोडता येत नाही. नोम्साचा सत्कार चॅनेलवर करायचं मालकांनी रातोरात ठरवलं. फेटा, शाल, नारळ, आणि अमृता इंग्रजीतून मुलाखत घेणार.

अमृता आली ती भावाच्या मोटरसायकलवर. भाऊ रोज तिला माडीपर्यंत सोडतो आणि खाली सायकल दुकानात बसून राहतो, चाकांना तारा कशा बसवतात ते बघत. घरी ऊस, म्हशी, मोठा बारदाना. मी तिच्याबद्दल आधीच मत करून ठेवलं होतं. पत्रकात अशा मुलीसाठी आमच्याकडे तयार वाक्यं असतात.

मेकअपच्या डब्यात एकच रंग होता. गुलबट गोरा. अमृताने तोच नोम्साच्या गालावर थापला. फेटा चढला, शाल चढली, लाईट लागले. कॅमेरामन सलीमने मॉनिटरकडे बघितलं आणि डोकं खाजवलं. मॉनिटरवर एक झगझगीत गुलाबी फेटा होता, खाली दात होते, मधे काहीच नव्हतं. नीट बघितलं तर राखाडी धूर.

"मालक, लोचा हाय," सलीम म्हणाला.

मालक घाबरले. राखेत लोळलेली सुजाता चालली असती, तिला वाकळांत बसवून प्रश्न मिटला होता. परदेशी पाहुणी वाकळांत बसवता येत नाही. "काय बी कर," ते म्हणाले, "पर पावणं दिसलं पायजे!"

नोम्साने रुमाल ओला केला आणि गालावरचा सगळा गुलबट थर पुसून टाकला. पिशवीतून काढून काहीतरी हलकं तेल लावलं. मग सलीमला बोटाने दाखवलं: हा पडद्यावरचा लाईट कमी कर, हा तोंडावरचा बाजूला घे. सलीम लग्नाच्या शूटिंगमधला. "आमच्याकडं सगळ्या नवऱ्या पावडरीनं एकाच रंगाच्या करून पाठवत्यात," तो सांगत होता, "त्या रंगालाच कॅमेरा लावून ठेवलाय. पुन्हा कोण हात लावतोय?" आता त्याने हात लावला. कॅमेऱ्याचं एक चाक फिरवलं, थर्माकोलचा तुकडा टेबलाशी उभा करून त्यावर लाईट मारला. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. मॉनिटरवर नोम्सा आली. अशी आली की मालकांनी "आयला!" म्हटलं आणि मग जीभ चावली.

मुलाखत झाली. अमृताने विचारलं, तुम्हाला कोल्हापूर कसं वाटलं. छान. तांबडा-पांढरा रस्सा खाल्लात का? खाल्ला. तुमची इच्छा काय? हा प्रश्न तिने शेवटचा म्हणून नुसता ठेवला होता, पाहुणा अशा वेळी जगात शांती वगैरे मागतो.

नोम्सा म्हणाली, "मला आमच्या रेडिओचं सकाळचं बातमीपत्र पाहिजे. माझे साहेब म्हणतात, माझ्या इंग्रजीत गाव ऐकू येतं, सकाळी सकाळी लोकांना गाव ऐकवत नाही. म्हणून मला दुपारी पाककृती सांगायला बसवतात. मला स्वयंपाक येत नाही."

मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. मालकांना फार आवडलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. अमृता मात्र टाळ्या न वाजवता नोम्साकडे बघत राहिली.

नोम्सा फेटा सोडायला उठली. खुर्ची रिकामी झाली. सुजाता छोट्या खोलीच्या दारात उभी होती. ती आली आणि खुर्चीवर बसली. कुणाला विचारलं नाही. लाईट तसेच होते, थर्माकोल तसंच.

सलीम मॉनिटरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मालक, हिकडं या जरा."

मालक गेले. मीही गेले. काचेत सुजाता होती. चांगली काळीसावळी, नाकाची रेघ स्वच्छ, डोळे समोर. राखेचा कण नाही.

"दोन वर्सं," सुजाता म्हणाली. ती मालकांशी नाही, सलीमशी नाही, सरळ कॅमेऱ्याशी बोलत होती. "हे एवढंच हुतं तर दोन वर्सं मला वाकळंत का घातलंसा?"

"अगं, पावण्यांसाठी करावं लागतंय."

"मग मी कोन हाय हितं?"

खालून सायकलची घंटी वाजली. मालकांचं तोंड पडलं, मग हळूहळू उजळलं. दिलदार माणसाला सुटकेची वाट सापडली होती.

"ऐक. चौदा एप्रिलला तुलाच बसवतो. जयंतीच्या बातम्या तूच वाचायच्या, सबंध दिवस. झालं समाधान?"

खोलीत सगळ्यांना हे फार मोठ्या मनाचं वाटलं. सलीमनेही मान डोलावली. मी नोम्साच्या कानात भाषांतर केलं, चौदा एप्रिल कोणता दिवस ते सांगितलं. ती एकदम हसली, अजिबात गोड नाही. "आमच्याकडे महिला दिन असतो. त्या दिवशी सकाळचं बातमीपत्र मला देतात. पुष्पगुच्छही देतात. दुसऱ्या दिवशी चटण्या."

माझं तोंड उघडलं होतंच. पण सुजाताने ठरवलेली ओरडायची वेळ ही असावी, फक्त ती ओरडली नाही.

"चौदा एप्रिलला मला सुट्टी पायजे," ती म्हणाली. "मिरवणुकीत नाचायचं असतंय मला. वर्सातनं एकदा नाचतो, ते बी तुमच्या बातम्यांत घालवू व्हय?"

"मग कवा बसायचं हाय तुला?"

"मंगळवारी."

"मंगळवारी काय असतंय?"

"काय सुदिक नसतंय. म्हणूनच."

मालकांनी मिशीवरून हात फिरवला. "बघू," म्हणाले. महाराष्ट्रात सगळीकडे 'बघू'चा अर्थ एकच आहे.

पेठ वडगाव, सोमवार

सुजाताच्या घरी जेवायला बोलावलं होतं. रस्ताभर उसाच्या गाड्या. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस इतका की मागच्या एसटीला पुढचं जग दिसत नाही. कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड, करपट वास खिडकीतून आत येत होता. नोम्साने गळ्यातलं रेकॉर्डिंगचं यंत्र चालू करून एसटीचा खडखडाट टिपून घेतला. आमच्या विदर्भात या दिवसांत सगळं पिवळं पडलेलं असतं, इथे डोळ्यांना हिरवं टोचत होतं. मला हेवा वाटला आणि हेवा वाटला की मला राग येतो.

सुजाताची आई अंगणवाडीत मदतनीस. घर दोन खोल्यांचं, बुद्धाची मूर्ती टीव्हीवर, आणि टीव्हीवर प्लॅस्टिकच्या फुलांचं आवरण. तिने मटण केलं होतं. मी सावजीच्या गावची असल्याने मटणाबद्दल माझी मतं कडक आहेत, ती मी त्या दिवशी रद्द केली. इथे कांदा-लसूण चटणी घालतात, वर्षाची एकदम कुटून ठेवलेली. आईने नोम्साला हाताने वाढलं, पुन्हा वाढलं, नको म्हटल्यावर जास्त वाढलं.

"ही बी काळीच हाय की आमच्या सुजीगत," आई कौतुकाने म्हणाली. मी जसंच्या तसं सांगितलं. नोम्सा म्हणाली, त्यांना म्हणावं, तुमची सुजी माझ्यापेक्षा सुंदर आहे. आई म्हणाली, "ते बी खरंच हाय."

मग शेजारची आक्का आली. भाकरी मोजत नाही पण बाकीच्यांच्या घरातलं सगळं मोजते, अशी. पाहुण्या बघायला आली होती.

"व्हय गं, सुजी काय करती त्या टीव्हीत?"

"बातम्या वाचती की. कितींदा सांगू?" आई म्हणाली.

"बातम्या तर ती गोरी पोरगी वाचती."

"तोंड तिचं, आवाज आमच्या सुजीचा."

आक्काने आमच्याकडे बघून डोळे मिचकावले. "व्हय व्हय," ती आईला म्हणाली, येड्याला म्हणावं तसं. "असंल, असंल."

आई उठली आणि चुलीतली लाकडं नीट करायला लागली. लाकडं नीटच होती. दोन वर्षं ही बाई रोज सकाळी टीव्हीसमोर बसून दुसऱ्याच्या तोंडात आपल्या मुलीचा आवाज बघत होती, आणि गल्ली तिला खोटारडी ठरवत होती. तेव्हा मला कळलं की खुर्ची नुसती सुजाताची नाही.

जोतिबा, मंगळवार

जोतिबाला जायची कल्पना अमृताची. सोमवारी संध्याकाळी तिने आम्हाला जिन्यात गाठलं.

"उद्या पावण्यास्नी जोतिबा दाखवायला मी येतो. दादाला सांगू नका, मी मागच्या जिन्यानं सटकतो, त्येला वाटंल मी चॅनेलवर हाय."

मी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञावाली, देवळात जात नाही. तरी गेले, बाहेर चहा असतोच. डोंगरावर वडापने चढलो. वडाप म्हणजे जीपगाडी, जिच्यात आठ माणसं मावतात आणि पंधरा बसतात. वर पोचलो तर सगळं गुलाबी. पायऱ्या, कट्टे, कुत्री, नारळवाल्यांच्या भुवया. नोम्साच्या गालावर कुणीतरी गुलाल लावला. गुलालाला गोरा-काळा भेद नसतो असं एक वाक्य मला सुचलं, पण ते पत्रकातलं आहे, म्हणून गाळते. खाली हिरव्या उसात कोल्हापूर पसरलेलं, मधे नदीची वळणं. हे मात्र खरोखर बघण्यासारखं आहे. जा.

मंगळवार असल्याने गर्दी नव्हती. आम्ही चहाला बसलो. अमृताने कपाला हातच लावला नाही.

"म्याडमचं ते चटण्यांचं ऐकलं तवापासनं झोप न्हाय," ती म्हणाली. "मला बी बाहेरनं बातम्या द्यायच्या हायत. माईक घिऊन, लोकांत. पर घरची म्हंत्यात, बसून वाच, हिंडायचं न्हाय. सुजी हिंडती, तिला कोन इचारत न्हाय. तिला बसायचं हाय, तिला कोन बसवत न्हाय."

पत्रकातली माझी तयार वाक्यं त्या चहात पडली आणि विरघळली. नोम्साला सगळं सांगितलं. तिने गळ्यातलं यंत्र काढलं, माईक जोडला आणि अमृताच्या हातात दिला.

अमृता सरळ समोरच्या नारळवालीकडे गेली. माईक पुढे केला. आणि तिच्या तोंडून खुर्चीतली भाषा बाहेर पडली: "आज मंगळवार, येथील वातावरणाविषयी आपणांस काय वाटते?"

नारळवालीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "गिऱ्हाईक न्हाय असं वाटतंय. तुला नारळ घ्यायचा हाय का?"

अमृता लाल झाली, गुलालाने आधीच होती त्याहून. मग फतकल मारून तिच्या शेजारी बसली. "मावशी, गिऱ्हाईक नसल्यावर काय करतासा ओ दिवसभर?" तिथून मावशी जी सुटली ती थांबेना. शेजारची हळदकुंकूवाली मधे घुसली, दोघींचं भांडण लागलं, सुनांचे उद्धार झाले. नोम्साला एक अक्षर कळत नव्हतं आणि ती आनंदाने मांडीवर थापा मारत होती.

उन्हं कलायला लागली. संध्याकाळच्या बातम्यांसाठी अमृताने आता निघायला पाहिजे होतं. ती पिवळ्या पाटीच्या फोनच्या टपरीत शिरली. आम्ही दारात.

"मालक? मी अमृता. जोतिबावर हाय. ... व्हय, डोंगरावर. ... खाली यायला वडापच न्हाय ओ."

टपरीच्या बाहेर दोन वडापवाले एकमेकांवर ओरडत होते, "कोल्हापूर, कोल्हापूर, कोल्हापूर! ताई, निघाली की गाडी!" अमृताने एका हाताने रिसीव्हर दाबून धरला आणि दुसऱ्याने त्यांना अशी खूण केली की दोघे गप्प झाले.

"व्हय मालक, लई वाईट झालं. ... न्हाय, उशीर हुणारच. ... आता तुमीच बघा. सुजाता हाय की थितं. लाईट बी तसंच असत्याल. ... न्हाय तर खुर्ची मोकळी दावा."

तिने फोन ठेवला. दादा सायकल दुकानात बसलेला, आणि त्याची बहीण माडीवर नाही हे तासाभरात त्याला कळणार होतं. "घरी आता तमाशा," ती म्हणाली. मग टपरीतून बाहेर पडत, "हुंदे. मावशी, एक नारळ द्या."

उतरताना वडापमध्ये एका वळणावर नोम्सा म्हणाली, "मी परत गेले की साहेबांना मंगळवारच मागणार आहे."

पेठ वडगाव, बुधवार

अमृताच्या घरी व्हायचा तो तमाशा झाला. भावाने दोन दिवस तिचं चॅनेलवर जाणं बंद असं जाहीर केलं, पण तिने बुधवारी सकाळी फोन करून दबक्या आवाजात हसून दाखवलं, म्हणजे जिवंत होती. तिने टिपलेलं नारळवाली-हळदकुंकूवालीचं भांडण सलीमने जोतिबाच्या जुन्या चित्रांवर चढवून रात्री वडगावच्या कॅसेटच्या शेवटी जोडलं होतं. खुर्चीवर काय झालं ते आम्ही बघितलं नव्हतं. डोंगरावरून उतरलो तोवर बातम्या संपल्या होत्या, आणि सुजाताला विचारलं तर म्हणाली, "मला काय आठवत न्हाय. तोंड उघडलं आनी 'नमस्कार' म्हणलो, पुढचं काय म्हाईत न्हाय." म्हणून कॅसेटच्या मागोमाग आम्ही तिघी पहिल्या एसटीने वडगावला आलो.

आईने प्लॅस्टिकची फुलं काढून टीव्ही पुसून ठेवला होता. आक्का आपली मांडी घालून सगळ्यात पुढे. दारात अजून चार बायका. नोम्साने यंत्र चालू केलं. बराच वेळ पडद्यावर साबणाची जाहिरात चालली, मग मुंग्या आल्या, मग निळा पडदा.

आणि सुजाता. लाईट तोच, थर्माकोल तोच. ओढणीला गाठ न मारता सरळ घेतलेली. नमस्कार, म्हणाली. डोळे थेट आमच्याकडे. पाणीपुरवठ्याची बातमी. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी. सत्कार, सत्कार, अजून एक सत्कार. मंगळवारच होता, काही सुदिक नव्हतं. मालकांनी गडबडीत चित्रं थोडी कमी लावली होती, त्यामुळे खुर्चीवरची सुजाता जास्तच दिसली.

माझ्या शेजारची खरी सुजाता नखं खात होती.

आक्का पुढे सरकली. टीव्हीत बघितलं, सुजाताकडे बघितलं, पुन्हा टीव्हीत. तोंडावर बोट ठेवलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "सुजीनं आवाज अगदी त्या गोऱ्या पोरीगत काढलाय की!"

दारातल्या बायका हसल्या. माझ्यातलं पत्रक उभं राहिलं. पण सुजाताने नखं खायचं थांबवून आईकडे बघितलं, म्हणून मीही बघितलं.

आईने मान वळवलीच नव्हती. पडद्यावर सुजाता आता बाजारभाव वाचत होती. या घरात ना ऊस, ना गुऱ्हाळ, ना गुळाची एक ढेप विकायला. आईने हात लांब करून टीव्हीचा आवाज वाढवला.

"गप गं आक्का," ती म्हणाली. "गुळाचा दर ऐकू दे."